लाभार्थी नव्हे, घरधनी

ग्रामीण गृहनिर्माणाविषयीचे कोणतेही सरकारी परिपत्रक मराठीत आणताना एक शब्द हटकून समोर येतो : 'लाभार्थी'. भाषांतर करणाऱ्याला शब्दाच्या पोटात शिरावेच लागते. या शब्दाच्या पोटात देणारा आहे, त्याची मेहेरबानी आहे आणि हात पसरून उभा राहिलेला घेणारा आहे. ज्याचे घर, तो माणूस मात्र त्यात कोठेच नाही. अमेरिकेतील एका दरिद्री परगण्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी गेली तीस वर्षे चालविलेल्या कामाची आपण दखल घ्यावी असे वाटते, ते या शब्दामुळेच.

अलाबामा राज्यातील हेल परगणा 'ब्लॅक बेल्ट' नावाच्या पट्ट्यात येतो. हे नाव मुळात तेथील काळ्या मातीवरून पडले. त्या मातीत गुलामांच्या घामावर कापूस पिकला, आणि गुलामगिरी गेल्यावर त्यांच्या मुला-नातवंडांच्या नशिबी बटाईची शेती आली. बटाईत गोरे गरीबही भरडले गेले. १९३६ साली वॉकर इव्हान्स आणि जेम्स एजी यांनी ज्यांचे दैन्य टिपले, ती गोरी बटाईदार कुटुंबे याच परगण्यातली. तत्पूर्वी १९३१ मध्ये राज्याच्या पूर्व भागातील टलापूसा परगण्यात कम्युनिस्टांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय बटाईदारांची युनियन उभी राहिली होती. त्याच वर्षी जुलैत तिचे एक नेते राल्फ ग्रे यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. जमिनीवर हक्क सांगणाऱ्याला त्या प्रदेशात असे उत्तर मिळत असे.

या भूमीत १९९३ साली ऑबर्न विद्यापीठातील सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन अध्यापकांनी 'रूरल स्टुडिओ' सुरू केला. कल्पना साधी होती. विद्यार्थ्याने शहरातील वर्ग सोडून येथे येऊन राहावे, ज्याचे घर त्याच्या ओसरीवर बसून त्याची गरज समजून घ्यावी, आराखडा करावा आणि मग स्वतः कुदळ-फावडे हाती घ्यावे. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पदवी हाती आल्यावरही काम पुरे होईपर्यंत तेथेच राहतात. १९९४ साली पहिले घर उभे राहिले, ते नातवंडांना सांभाळणाऱ्या एका वृद्ध दांपत्याचे. गवताच्या गठ्ठ्यांच्या भिंती, वर गिलावा, पुढे ऐसपैस ओसरी. २००० साली मेसन्स बेंड वस्तीवर मातीच्या भिंतींचे समाजमंदिर झाले, त्याचे छप्पर भंगारातील मोटारींच्या पुढच्या काचांचे. पुढे जेमतेम दोनशे वस्तीच्या न्यूबर्न गावात अग्निशामक केंद्र, नगरसभागृह आणि जुन्या बँकेच्या इमारतीत ग्रंथालय उभे राहिले. मॉकबी २००१ साली वारले. काम थांबले नाही.

या विद्यार्थ्यांच्या भाषेत घर घेणारा 'लाभार्थी' नसतो, 'क्लायंट' असतो. मराठीत त्यास वकिलाचा 'अशील' म्हणावे तर अर्थ हुकतो, दुकानातले 'गिऱ्हाईक' म्हणावे तर त्याहून हुकतो. मला 'घरधनी' हा शब्द जवळचा वाटतो. धनी तो, ज्याला 'नको' म्हणता येते. चुलीची जागा, खिडकीचे तोंड, ओसरीची रुंदी यांवर ज्याचा शब्द अखेरचा.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. देणग्यांवर बांधलेली ही अखेर दानधर्माचीच घरे. गरिबाच्या छपरावर सुखवस्तू मुलांनी प्रयोग करून पाहावेत, हे कोठवर योग्य? परंतु श्रेयाची गोष्ट ही की या प्रश्नाला स्टुडिओ स्वतःच जाऊन भिडला. २००५ साली त्याने निराळे गणित मांडले : केवळ सरकारी वृद्धत्व-वेतनावर जगणाऱ्या माणसाला फेडता येईल एवढ्या कर्जात, म्हणजे २० हजार डॉलरमध्ये, चांगले घर बांधता येईल काय? दान नव्हे, कर्जाऊ पण स्वतःचे घर. अनेक वर्षे आराखड्यामागून आराखडे झाले, छोटी देखणी घरे उभी राहिली. आराखडा सुटला, प्रश्न सुटला नाही.

कारण एवढे लहान कर्ज देण्यात बँकेला रस नव्हता. कागदपत्रांचा खर्च मोठ्या कर्जाएवढाच, व्याज मात्र किरकोळ. कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन मृत्युपत्राविना पिढ्यानपिढ्या चालत आलेली, मालकी असंख्य वारसांत विखुरलेली. तिच्यावर तारण-कर्ज मिळत नाही. आपल्याकडे सातबारावर नाव नसलेल्याची जी गत, तीच तेथे. त्यात पट्ट्यातील चिकणमाती पाणी जिरू देत नाही. सांडपाणी अंगणात साचते. याच पट्ट्यातील लाउंड्स परगण्याच्या मलनिस्सारणाविषयी केंद्रीय न्याय खात्याने मे २०२३ मध्ये राज्याशी केलेला करार ट्रम्प सरकारने एप्रिल २०२५ मध्ये मोडीत काढला. जमीन, पतपुरवठा आणि सरकार, या तीन भिंती कोणत्याही विद्यार्थ्याला एकट्याने बांधता येत नाहीत. घरांचा प्रश्न समाजरचनेपासून तोडून सुटत नाही, हे एंगल्स यांनी १८७२ सालीच बजावले होते.

याची दुसरी बाजू आपल्या देशात, केरळात दिसते. १९६९ च्या सुधारित जमीन कायद्याची अंमलबजावणी १ जानेवारी १९७० पासून अच्युत मेनन मंत्रिमंडळाच्या काळात सुरू झाली. जमीनदाराच्या जागेत झोपडी बांधून राहणाऱ्या मजुराला खेड्यात दहा सेंटपर्यंत, म्हणजे सुमारे चार गुंठे, जागा अल्प किमतीत स्वतःची करण्याचा हक्क मिळाला. १९७२ साली गृहनिर्माण मंत्री एम. एन. गोविंदन नायर यांनी भूमिहीनांसाठी 'एक लाख घरे' योजना हाती घेतली. येथे हक्क होता, राजकीय इच्छाशक्ती होती. पण आपण आपल्याशी प्रामाणिक असले पाहिजे. एकाच सामाईक भिंतीला टेकलेली ती जुळी घरे एकाच साच्याची होती, आणि पुढे त्यांच्या पुनर्बांधणीसाठी सरकारला वेगळी योजना आणावी लागली. ज्याचे घर, त्याला पुरेसे विचारले गेले नव्हते. १९८५ साली अच्युत मेनन यांनी लॉरी बेकर प्रभृतींसह 'कॉस्टफोर्ड' ही संस्था काढली आणि स्वस्त, स्थानिक साहित्याच्या बांधकामाला वाहून घेतले, त्यामागे ही उणीव भरून काढण्याची निकड दिसते.

हेल परगण्यात कसब आहे, हक्क नाही. केरळात हक्क मिळाला, कसब मागाहून आले. आपल्या महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दोन्हींची वानवा आहे. २०१६ साली सपाट प्रदेशातील घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपयांची मदत ठरली. पण ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याने ते घर बांधावे कोठे? आणि वास्तुकलेचा विद्यार्थी खेड्यात जातो तो बहुधा मोजमापे घ्यायला, वही मिटली की परततो.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. भूमिहीनाला प्रथम जागेचा पट्टा आणि परवडणारे कर्ज. त्याचबरोबर, सार्वजनिक पैशावर शिकणाऱ्या प्रत्येक वास्तुविद्यार्थ्याने ग्रामसभेच्या देखरेखीखाली एक तरी घर स्वतःच्या हातांनी बांधावे, अशी अभ्यासक्रमात तरतूद. केवळ दुसरी मागितली तर ती समाजसेवेची हौस ठरेल. केवळ पहिली मागितली तर पुन्हा साच्यातली जुळी घरे उभी राहतील. दोन्ही एकत्र मिळतील तेव्हा परिपत्रकातील तो शब्द बदलावा लागेल, आणि ते भाषांतर मी आनंदाने करीन.