१९९१ : समाजवाद हरला की तो आणलाच नव्हता?

"समाजवाद फसला म्हणून १९९१ साली बाजार आला," असे आपल्या पोरांना कॉलेजात शिकवले जाते. आम्हाला हे अर्धसत्य वाटते.

तात्कालिक कारणे उघड आहेत. ऐंशीच्या दशकात सरकारने कमाईपेक्षा जास्त खर्च केला आणि परदेशी कर्ज वाढवले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले, तेल महागले. पुढच्या वर्षी तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले. सोने गहाण पडले. नाणेनिधीने कर्जासोबत अटी घातल्या. २४ जुलै १९९१ रोजी एकाच दिवशी नवे औद्योगिक धोरण आणि अर्थसंकल्प आला.

त्याच ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोग लागू करण्याची घोषणा झाली होती. म्हणून आपले काही कार्यकर्ते म्हणतात, आरक्षण संपवण्यासाठीच खाजगीकरण आणले. आम्ही तसे म्हणणार नाही. चलनाचे संकट खरे होते. पण उपाय ठरवताना आपल्या समाजाचे काय होईल, हे कुणी विचारले? खाजगी मालकावर आरक्षणाचे बंधन नव्हतेच. सरकारी उद्योग विकला की तिथल्या राखीव जागाही गेल्या.

मग फसला तो कोणता समाजवाद? १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग, विमा आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करा, असे मांडले. जमीन जातपात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसायला द्यायची होती. प्रत्यक्षात काही कारखाने सरकारी झाले, विमाही झाला. गावातली जमीन मात्र बहुतांशी जुन्याच हातांत राहिली. लायसन्स मिळाले ते भांडवल आणि ओळख असणाऱ्यांना. त्या लायसन्स राजसाठी आम्ही रडणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. संसदेतल्या साध्या बहुमताने उलटवता येऊ नये, म्हणून बाबासाहेबांना ही अर्थरचना संविधानातच हवी होती. ते झाले नाही. १९७६ साली उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द आला, अर्थरचना आली नाही. म्हणूनच नरसिंह रावांच्या अल्पमतातल्या सरकारलाही घटनादुरुस्ती न करता देशाची दिशा बदलता आली.

तरुणांनो, केवळ "सरकारी नोकऱ्या वाचवा" म्हणून भागणार नाही. खाजगी क्षेत्रात प्रतिनिधित्व, जमिनीत आणि भांडवलात वाटा, आणि या हक्कांना संविधानाचे संरक्षण मागा. बाजार कोणी आणला यावर भांडत बसण्यापेक्षा, त्या बाजारात आपण मालक आहोत की फक्त मजूर, हे विचारा.

जय भीम!