कंपाउंड बो घ्यायचाय? आधी निशाणा ठरवा!

रात्री साडेअकरा वाजता अंथरुणात पडून रील्स स्क्रोल करताना तो तुम्हालाही दिसला असेल. पानाफांद्यांच्या छपाईचे कपडे घातलेला अमेरिकन गडी झाडावर दबा धरून बसलाय, हातात चाकं-दोऱ्यांचं काळंभोर धनुष्य. खाली हरीण येतं, 'थप्प' असा आवाज होतो, आणि पुढच्याच क्षणी तो शिंगं धरून फोटो काढतो. कमेंटमध्ये आपलीच पोरं विचारतात, 'भावा, हा बो भारतात कितीला मिळेल?' कोणी त्याहून एक पाऊल पुढे असतो, 'आमच्या शेतात लय डुकरं झालीत, पाठव इकडे!'

किंमत विचारण्यात चूक काहीच नाही. पण 'शिकारीसाठी कोणता कंपाउंड बो चांगला?' हा प्रश्न अमेरिकेतून जसाच्या तसा उचलून बुलढाण्यात विचारला, तर त्याचं उत्तर 'कोणताच नाही' असं आहे. आणि 'कंपाउंड बो कोणता घेऊ?' एवढाच प्रश्न असेल, तर त्याचं उत्तर द्यायला महाराष्ट्रात आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. आज या दोन्ही उत्तरांबद्दल बोलू.

शांघायचा तो एक गुण

मे २०२३. चीनमधल्या शांघायमध्ये तिरंदाजीचा विश्वचषक टप्पा. कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात एका बाजूला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, म्हणजे या प्रकारातला जगातला सगळ्यात दबदब्याचा खेळाडू. दुसऱ्या बाजूला १९ वर्षांचा प्रथमेश जावकर, मुक्काम पोस्ट बुलढाणा. निकाल १४९-१४८. एका गुणाने आपला पोरगा जिंकला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्या जोडीने त्याने सांघिक सुवर्ण आणलं. अंतिम सामन्यात समोर दक्षिण कोरिया होता आणि गुण होते २३५-२३०.

हे १४९ म्हणजे काय, ते समजून घ्या. सामन्यात १५ बाण. प्रत्येकाला जास्तीत जास्त १० गुण. अंतर ५० मीटर, आणि दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. त्यात १५ पैकी १४ बाण. चंद्रकांत इलग यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी बुलढाण्यात ही पोरं घडवली आहेत. मोठ्या शहराचा पत्ता नसताना हे झालं. 'बुलढाणा' हे नाव 'भिल्ल ठाणा'वरून आलं असं सांगतात. तसं असेल तर या गावाच्या नावातच धनुष्य आहे, राजेहो!

म्हणून वाईट वाटतं ते याचं की, इथल्याच पोराला कंपाउंड बो म्हटलं की प्रथमेश आठवत नाही, रीलमधला शिकारी आठवतो.

कायदा काय म्हणतो, ते एकदा स्पष्ट

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला. त्यातली 'शिकार'ची व्याख्या वाचली की अनेकांचा गैरसमज गळून पडतो. प्राणी मेला तरच शिकार, असं नाही. पकडणं, फासे लावणं, विष घालणं हे तर आलंच, पण यातला नुसता प्रयत्नसुद्धा शिकारच. 'लागला नाही ना बाण, मग काय झालं?' हा बचाव चालत नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद. विशीत हे अंगावर आलं तर पोलिस भरती, एमपीएससी, पासपोर्ट या सगळ्यांवर पाणी सोडायची वेळ येते.

आणखी एक. याच कायद्यात 'शस्त्र' म्हणजे काय, याची यादी आहे. त्यात बंदुकीसोबत धनुष्यबाणाचंही नाव लिहिलेलं आहे. लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. आता आपला नकाशा आठवा. बुलढाणा आणि खामगावच्या मधे ज्ञानगंगा अभयारण्य, उत्तरेला सातपुड्यात अंबाबरवा. बोथ्याच्या जंगलात 'फोटोशूट करू' म्हणून बो खांद्याला लावून शिरलात, तर तुमचा हेतू फक्त रीलचा होता हे वनरक्षकाला पटवताना घाम फुटेल. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक तरुण वाघ तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून याच ज्ञानगंगेत येऊन थांबला होता. इतक्या लांबून त्याने ज्या जंगलावर भरवसा ठेवला, तिथे आपण बाण घेऊन फिरायचं का?

'पण आमच्या पिकाचं काय?'

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. या पानाच्या वाचकांपैकी निम्म्यांच्या घरी शेती असेल. पेरलेला हरभरा उगवला की रोही येतात. मका कणसात आला की रानडुकरं एका रात्रीत पट्टेच्या पट्टे आडवे करतात. वडील, काका थंडीत जागलीला जातात, डबे वाजवतात, फटाके फोडतात आणि सकाळी पुन्हा कामाला लागतात. अशा घरातल्या पोराला शिकारीचा व्हिडिओ बघून 'आपल्याकडे असा बो असता तर' वाटलं, तर त्याला क्रूर म्हणायची माझी हिंमत नाही. शहरातल्या एसीत बसून प्राणिप्रेम शिकवणाऱ्यांनी एक रात्र मचाणावर काढून बघावी.

तरीही बो हे त्यावरचं उत्तर नाही, आणि कारण फक्त कायद्याचं नाही. बाण गोळीसारखा काम करत नाही. गोळीच्या धक्क्याने प्राणी जागेवर कोसळू शकतो. शिकारीच्या बाणाचं रुंद पातं आत जाऊन रक्तस्राव घडवतं आणि त्यामुळे प्राणी मरतो. नेमक्या जागी लागला तरी प्राणी बऱ्याचदा पळत जातो आणि मग पडतो. थोडा चुकला तर तासन्‌तास तडफडत फिरतो. म्हणूनच परदेशातले जाणते शिकारी जवळ आल्याशिवाय बाण सोडत नाहीत, आणि नंतर रक्ताचा माग काढत कितीतरी वेळ चालतात. आता हेच आपल्या शिवारात घडतंय असं समजा. अंधारात, बॅटरीच्या उजेडात, तीन महिन्यांच्या सरावावर तुम्ही डुकराच्या पोटात बाण मारला. ते जखमी जनावर शेजारच्या कपाशीत शिरलं. सकाळी आठ वाजता तिथे बाया वेचणीला येणार आहेत. जखमी डुक्कर माणसावर कसं येतं, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या बाईच्या जखमेला जबाबदार कोण?

कायद्याने वाट अगदीच बंद केलेली नाही. पिकांचं नुकसान करणाऱ्या प्राण्याबाबत वन विभागाचा अधिकृत अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. नुकसानभरपाईची तरतूद आहे, सौर कुंपणाला अनुदानाची योजना आहे. ते मिळायला किती चपला झिजतात, हेही सगळ्यांना माहीत आहे. तिथेच तुमची गरज आहे. वडिलांना ऑनलाइन अर्ज जमत नसेल तर तो तुम्ही भरा. नुकसानीचे फोटो काढा, पंचनाम्यासाठी पाठपुरावा करा, ग्रामसभेत उभं राहून कुंपणाचा विषय काढा. डिग्री शिकतोय ती कशासाठी? यात रीलला मिळतात तसे लाइक्स नाहीत, पण पीक वाचलं तर याच वाटेने वाचेल.

मग कोणता बो घ्यायचा?

आता आवडीचा भाग. कंपाउंड बो १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांनी तयार केला. पेटंट १९६९ मध्ये मिळालं. दोन्ही टोकांना कॅम नावाची चाकं असतात. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो आणि शेवटी एकदम हलकं होतं. याला लेट-ऑफ म्हणतात. ५० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेबावीस किलोंचा बो असेल आणि लेट-ऑफ ८० टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर तुमच्या बोटांवर फक्त १० पौंड उरतात. शांतपणे नेम धरायला वेळ मिळतो तो त्यामुळे.

निवडताना पहिली गोष्ट ड्रॉ लेंथ. दोन्ही हात आडवे पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजा आणि अडीचने भागा. १७५ सेंटिमीटर आलं तर ७० सेंटिमीटर, म्हणजे साडेसत्तावीस इंचांच्या आसपास. हा अंदाज झाला. पक्कं माप प्रशिक्षकासमोरच घ्या. मित्राचा बो 'थोडा मोठा होतो, चालेल' असं म्हणून घेऊ नका. कंपाउंडमध्ये मापाची तडजोड चालत नाही.

दुसरी गोष्ट ड्रॉ वेट. इथे सगळ्यांचा इगो आडवा येतो. जिममध्ये किती उचलता याचा इथे संबंध नाही. बो समोर धरून, आभाळाकडे न नेता, सावकाश ओढता आला पाहिजे. कमरेतून वाकावं लागत असेल तर तो तुमच्यासाठी जड आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत कंपाउंडची मर्यादा ६० पौंड आहे. शिकारीसाठी विकले जाणारे कितीतरी बो ६० ते ७० पौंडांचे असतात. म्हणजे हौसेने 'सगळ्यात पॉवरफुल' घेतलेला बो मैदानावर कामालाच येत नाही!

तिसरी गोष्ट लांबी. दोन चाकांच्या आसांमधलं अंतर शिकारीच्या बोमध्ये साधारण २८ ते ३३ इंच असतं, कारण झाडीत वागवायला तो आखूड लागतो. टार्गेटचा बो ३६ ते ४० इंचांचा, कारण लांब बो हातात जास्त स्थिर राहतो. तुम्हाला ५० मीटरवर कपाएवढं वर्तुळ गाठायचंय, झुडपात लपायचं नाही.

चौथी गोष्ट, जाहिरातीतला वेग. तो बहुतेक वेळा ७० पौंड, ३० इंच ड्रॉ आणि हलका बाण धरून मोजलेला असतो. तुमचा ड्रॉ साडेसत्तावीसचा आणि वजन ४५ पौंडांचं असेल तर तो आकडा तुमच्यासाठी नाही. त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

आणि एक सक्त ताकीद. बाण न लावता दोरी ओढून कधीही सोडू नका. बाणात जाणारी सगळी ताकद बोमध्येच परत फिरते, लिम्ब तुटू शकतात आणि डोळा जाऊ शकतो. दुकानात 'जरा बघतो' म्हणत हेच करणारे असतात. तसंच मलकापूर-खामगावच्या मे महिन्यात बंद गाडीत बो ठेवू नका. दोरी आणि लिम्ब दोन्हींना ती उष्णता सोसत नाही.

ईएमआयच्या आधी मैदान

स्पर्धेचा पूर्ण संच, म्हणजे बो, साइट, रिलीज, बाण वगैरे धरून, दोन-तीन लाखांच्या घरात सहज जातो. सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घरासाठी हा खेळ नाही, धाडस आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिले सहा महिने काहीही विकत घेऊ नका. मैदानावर जा, प्रशिक्षकाला भेटा, बांबूच्या धनुष्यावर सुरुवात करा. आपल्याकडे 'इंडियन राउंड' राष्ट्रीय पातळीपर्यंत त्याच धनुष्यावर खेळला जातो. त्याला कमी लेखू नका. पाठ, खांदा आणि श्वास तिथेच तयार होतो. टिकलात, तर मग बोचा विचार करा.

दुसरी मागणी कॉलेजांकडे. दरवर्षी गॅदरिंगच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यातला एक हिस्सा बाजूला काढला तर दोन-तीन वर्षांत माप बदलता येणारे सुरुवातीचे दोन बो कॉलेजच्या क्रीडा विभागात येऊ शकतात. लायब्ररीत पुस्तक मिळतं तसा सरावाला बो मिळाला पाहिजे. नाहीतर या जिल्ह्यातून पुढचा खेळाडू फक्त ज्याच्या बापाला कर्ज मिळतं त्याच्याच घरातून येईल. ही मागणी विद्यार्थ्यांनीच करायची आहे, आणि आत्ताच. कारण २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंड पहिल्यांदाच येतोय, मिश्र सांघिक प्रकारात. एक मुलगा, एक मुलगी. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये १७व्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं, म्हणजे मुलींनी हा लेख भावाला वाचायला देऊन थांबायचं कारण नाही.

शेतातल्या डुकराचा राग खरा आहे, तो तहसील आणि वन विभागाच्या दारात घेऊन जा. हातातली ताकद मात्र मैदानावर आणा. उद्या सकाळी फक्त एक मोजपट्टी घ्या, हात पसरून माप काढा, ते वहीत लिहा आणि जवळच्या मैदानावर जाऊन विचारा, 'सर, कधीपासून येऊ?'