मासा हे अन्न आहे, औषध नव्हे



“मासे खा, म्हणजे साखर उतरेल,” असे मधुमेही माणसाला कोणी सांगताना तुम्ही ऐकले असेल. हा सल्ला अर्धाच खरा आहे, आणि प्रकृतीच्या बाबतीत अर्धे खरे फार महागात पडते.

खरा भाग आधी पाहू. भाकरी आणि भात यांतील पिष्टमय पदार्थांची पचनानंतर साखर होते व ती रक्तात मिसळते. मधुमेहात इन्सुलीन अपुरे पडते किंवा त्याचे काम नीट होत नाही, म्हणून ही साखर रक्तातच साचते. माशात पिष्टमय पदार्थ जवळजवळ नसतात. १०० ग्रॅम माशात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रथिने मात्र असतात. म्हणजे तिसऱ्या भाकरीऐवजी माशाचा तुकडा खाल्ला, तर पोट भरते आणि साखर फारशी चढत नाही. पण तीन भाकऱ्या खाऊन वर मासा खाल्ला, तर काय साधले?

मधुमेहींना हृदयविकाराचा धोकाही अधिक असतो. बांगडा, तारली अशा तेलकट माशांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. ती हृदयाला हितकर मानली जातात. मग त्यांच्या गोळ्याच का घेऊ नयेत? ब्रिटनमध्ये १५,४८० मधुमेहींवर हा प्रयोग झाला. सरासरी सात वर्षांहून अधिक काळ निम्म्यांना ओमेगा-३ची व निम्म्यांना ऑलिव्ह तेलाची गोळी रोज दिली. २०१८ साली निष्कर्ष आला : हृदयविकाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही! माझ्या मते यातला धडा साधा आहे. एकट्या गोळीवर भिस्त ठेवू नये. सारे ताट सुधारावे.

आता आटपाडीचा विद्यार्थी विचारील, “समुद्र कुठे आणि आमचा माणदेश कुठे?” खरे आहे. पण टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी या दुष्काळी तालुक्यात आणले आहे, आणि जिथे तळे तिथे रोहू, कटला वाढवता येतात. त्यांत ओमेगा-३ बांगड्यापेक्षा कमी असते, प्रथिने मात्र तेवढीच उत्तम. मासा रश्श्यात शिजवावा. भरपूर तेलात तळला तर उष्मांक वाढतात. खारवलेल्या सुक्या माशातील मीठ रक्तदाबाला वाईट.

ज्या घरी मासे चालत नाहीत, त्यांनी खंत करू नये. मटकी, हुलगा, शेंगदाणे यांत प्रथिने आहेत. जवसाच्या चटणीतही एक प्रकारचे ओमेगा-३ असते. मात्र माशातील प्रकारात त्याचे रूपांतर शरीर थोडेच करते.

शेवटी एक आग्रहाची विनंती. घरात कोणी मधुमेही असेल आणि “आता मासे खातो, गोळी कशाला?” असे म्हणत असेल, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू देऊ नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर प्रथिने किती खावीत हेही त्यांनाच विचारायला सांगा. विज्ञान शिकल्याचा एवढा उपयोग तरी आपल्या माणसांना व्हायलाच हवा.