सणाला रडायची सोय

सण म्हटला की घरातल्या बाईनं हसतमुख असायचं, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम. एखादवेळी चकली बिघडली तरी चालेल, पण चेहरा पडलेला चालत नाही. 'आज सणाचा दिवस, डोळ्यांत पाणी कशाला?' हे वाक्य कधीच ऐकलं नाही अशी बाई विरळाच.

अमेरिकेतही यापेक्षा फार वेगळं नसतं. नाताळ म्हणजे तिथली दिवाळीच. नोव्हेंबर संपतो न संपतो तोच दुकानांत गाणी वाजू लागतात, रस्त्यांवर दिव्यांच्या माळा लागतात, जो तो दुसऱ्याला 'मेरी ख्रिसमस' म्हणत सुटतो. आणि ज्या घरातलं माणूस यंदाच गेलंय, त्या घरातल्यांना या सगळ्या आनंदापासून कुठं पळून जावं तेच कळत नाही.

अशा माणसांसाठी तिथल्या काही चर्चमध्ये एक वेगळी उपासना होते. २१ डिसेंबरच्या आसपास, म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी रात्र असते तेव्हा. नावही तेच, 'लाँगेस्ट नाइट सर्व्हिस'. कुणी तिला 'ब्लू ख्रिसमस' म्हणतात. ब्लू म्हणजे इथं उदास. अनेक प्रॉटेस्टंट पंथांत ती होते. पण मला लिहायचंय ते युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळींबद्दल. कारण त्यांचं आणि आपलं नातं जुनं आहे.

युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन उदारमतवादी पंथ १९६१ साली अमेरिकेत एकत्र आले. अमुक एक गोष्ट मानलीच पाहिजे, अशी सक्ती तिथं नाही. येशूला मानणारा, बुद्धाकडे ओढा असलेला, ज्यू घरात वाढलेला, देवच न मानणारा, असे सगळे एकाच बाकावर बसतात. युनिव्हर्सलिस्टांनी १८६३ सालीच ऑलिंपिया ब्राउन या बाईंना धर्मगुरूची दीक्षा दिली होती! आणि आपलं नातं म्हणाल, तर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले, ते ब्रिटनमधल्या युनिटेरियनांच्या मदतीनं. १८६७ साली मुंबईत सुरू झालेल्या आपल्या प्रार्थना समाजाची रविवारची उपासना आणि या मंडळींची उपासना एकमेकींना अनोळखी नाहीत.

डिसेंबरात त्यांच्याकडे नुसती गर्दी असते. ज्यूंच्या हनुकाचे दिवे, सर्वांत मोठ्या रात्रीचा उत्सव, २४ तारखेला मेणबत्त्यांच्या उजेडातला नाताळ, काही ठिकाणी २६ तारखेपासून आफ्रिकन-अमेरिकनांचा क्वांझा. टीका करणारे म्हणतात, ही काय सगळ्या धर्मांची भेळ! दुसऱ्यांचे सण उसने घेऊन का कुणी धार्मिक होतं? या टीकेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याचा सण घ्यायचा तर त्यामागचा इतिहासही समजून घ्यावा लागतो. नुसता दिवा उचलून आणला की झालं, असं नसतं. पण ती मोठ्या रात्रीची उपासना उसनी वाटत नाही. दुःख कुणाकडून उसनं आणावं लागत नाही ना!

काय असतं त्यात? खरं तर फार काही नसतं. दिवे मंद असतात. उड्या मारायला लावणारी गाणी नसतात. हळू आवाजातलं संगीत, थोडं वाचन, आणि बराच वेळ शांतता. मग ज्याला वाटेल त्यानं पुढं यायचं, एक मेणबत्ती लावायची. कुणी गेलेल्याचं नाव घेतं, कुणी काहीच न बोलता परत जागेवर जाऊन बसतं. 'सावर आता' असं कुणी म्हणत नाही. आणि मेणबत्ती फक्त मृत्यूसाठीच नसते. मोडलेलं लग्न, गेलेली नोकरी, पोटातच गेलेलं मूल, वर्षानुवर्षं फोन न करणारा मुलगा... ज्या दुःखाला समाजात नाव नाही, त्यालाही तिथं जागा असते.

कुणी विचारील, मग दुःखी माणसांना वेगळं बसवायचं का? सणाच्या पंगतीला त्यांची अडचण नको म्हणून? हा प्रश्न मलाही पडला होता. पण बहुतेक ठिकाणी तसं होत नाही. मोठ्या रात्री रडलेली बाई २४ तारखेलाही त्याच सभागृहात येऊ शकते, तिच्याही हातात मेणबत्ती असते. शिवाय यातल्या अनेक मंडळींकडे रविवारच्या उपासनेतही सुखदुःख सांगण्याचा वेळ राखलेला असतो. म्हणजे दुःखासाठी एक संध्याकाळ जास्तीची दिलेली आहे, बाकीच्या संध्याकाळी काढून घेतलेल्या नाहीत. फरक आहे तो इथंच.

आता आपल्याकडे बघा. आपल्या चालीरीती निर्दयच होत्या, असं मुळीच नाही. घरात कुणी गेलं की वर्षभर सण करत नाहीत. त्या दिवाळीत त्या घरी कढई चढत नाही, पण शेजारपाजारहून, नात्यागोत्यातून फराळाचं ताट येतं. 'तू करू नकोस, आम्ही आहोत' हेच ते ताट न बोलता सांगतं. मला तर हे आपलं फार मोठं शहाणपण वाटतं. हसण्याची सक्ती नाही आणि एकटेपणही नाही.

पण गोची पुढंच आहे. वर्ष फिरतं, घराचा सण परत सुरू होतो. मुलगा कंदील लावतो, सून रांगोळी काढते. आणि जिचा नवरा गेला, तिचं काय? संक्रांत येते. बाहेर थंडी, घरोघरी तिळगुळाचा वास, बायका हळदीकुंकवाला निघालेल्या. हिला बोलावणं नाही. कुणी बोलावलंच तर कुंकवाची डबी पुढं येताना हात घुटमळतो. घराच्या शोकाला वर्षाची मुदत आणि तिच्या शोकाला जन्मभराची, हा कुठला न्याय? आणि ते पोटातच गेलेलं मूल? त्याच्या आईकडे तर कुणी फराळाचं ताटही पाठवत नाही. 'अजून वय आहे, होईल' एवढंच म्हणून मोकळे होतात.

आपल्याकडे काहीच हललं नाही असंही नाही. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला सुचलं, ते शिकल्यासवरल्या शहरी सोसायट्यांना सुचायला काय हरकत आहे? ठराव कुंकू वाचवू शकतो, पण हळदीकुंकवाचं बोलावणं शेवटी बायकांच्याच हातात असतं. तिथं कुठल्या पुरुषाकडं बोट दाखवता येत नाही.

चर्चमधल्या मेणबत्त्या इथं आणून लावा, असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे समया आहेत, पणत्या आहेत. घ्यायचीच तर त्यांच्याकडून एक साधी समज घ्यावी. सण म्हणजे फक्त ज्यांचं सगळं नीट चाललंय त्यांचा मेळावा नव्हे, आणि डोळ्यांतल्या पाण्यानं सणाला विटाळ होत नाही.

येत्या संक्रांतीला यादी करताना आपण काही नावं सवयीनं गाळतो. ती आधी लिहू या. तिला वाण देऊ, तिळगुळ देऊ, तिच्या गेलेल्या माणसाचं नाव तिच्यासमोर मोकळेपणानं घेऊ. ती रडली, तर रडू दे. गोड बोला म्हणजे काही दुःखाबद्दल गप्प बसा, असं नाही हो!