दहावी आहे म्हणून घुंगरू माळ्यावर टाकू नका!

दर वर्षी जून-जुलैमध्ये माझ्या दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "डॉक्टर, यंदा दहावी आहे ना, म्हणून बाकी सगळं बंद केलंय." आई-बाबा हे मोठ्या अभिमानाने सांगतात. दिवाळीनंतर त्यातलीच काही मुलं परत येतात. डोकं दुखतं, पोटात दुखतं, झोप लागत नाही, वाचलेलं लक्षात राहत नाही. तपासण्या केल्या की सगळे रिपोर्ट नॉर्मल!

गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली होती. सात वर्षं कथक शिकलेली, मे महिन्यात क्लास बंद. मी विचारलं, "त्या वाचलेल्या वेळात काय करतेस?" आईकडे चोरून बघत ती म्हणाली, "रील्स बघते." आई रागावली. पण यात मुलीचं काय चुकलं? दमलेला मेंदू विरंगुळा शोधतोच. चांगला काढून घेतलात, तर तो हाताशी असेल तो घेतो.

पालकहो, माझं मत स्पष्ट आहे. मनापासून जोपासलेला छंद परीक्षेच्या वर्षी कमी करा, पण बंद करू नका. बंद करणं हा त्याग नाही, तोट्याचा व्यवहार आहे.

शरीर काय सांगतं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. नाच किंवा खेळ बंद केला की अनेक मुलांची ही एकमेव हालचाल जाते. मग झोप उथळ होते. या वयात ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. म्हणजे अभ्यासासाठी छंद काढला आणि पाठांतराच्या पायावरच घाव घातला.

दुसरी गोष्ट, सलग चार तास पुस्तकापुढे बसणं म्हणजे चार तास अभ्यास नव्हे. तोच अभ्यास तुकड्या-तुकड्यांत, मध्ये अंतर ठेवून केला तर जास्त टिकतो. मधला अर्धा-पाऊण तास रियाजाचा असेल तर बिघडलं कुठे?

"पण वेळच नसतो हो!"

चला, हिशोब मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज ८ तास झोप, म्हणजे ५६. शाळा आणि क्लास सहा दिवस रोज ९ तास, म्हणजे ५४. जेवण, आंघोळ, येणं-जाणं रोज ३ तास, म्हणजे २१. घरी स्वतःचा अभ्यास रोज ४ तास, म्हणजे २८. उरले ९ तास. रोज ४५ मिनिटं रियाज केला तर आठवड्याचे सव्वापाच तास होतात. तरीही पावणेचार तास शिल्लक!

"छंदाने पोट भरतं का?"

नसेलही भरत. पण छंद जोपासला म्हणून करिअर बुडतं, हे कुठून आलं? १९७२ साली रंगमंचावर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, आणि त्यातले नाना फडणवीस, डॉ. मोहन आगाशे, मानसोपचारतज्ज्ञ. गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांची जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे. तुम्ही म्हणाल, डॉ. श्रीराम लागूंनी नाटकासाठी वैद्यकी सोडलीच ना? सोडली. पण आधी कान-नाक-घशाचे सर्जन होऊन, पूर्ण विचारांती.

ही मोठी माणसं झाली. तुमचं मूल कदाचित साधं इंजिनीअर होईल आणि रविवारी तबला वाजवेल. मी तर म्हणतो, छंदाचा खरा उपयोग त्यालाच आहे.

उलट टोकाचेही पालक भेटतात. दहावीला शास्त्रीय कलेचे, चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचे, खेळाचे वाढीव गुण मिळतात. तेवढ्यासाठी मुलाला परीक्षांना बसवायचं, आणि प्रमाणपत्र फाइलला लागलं की क्लास बंद. ज्या एका ठिकाणी मूल मार्कांशिवाय चुकायला आणि पुन्हा करायला शिकत होतं, तिथेही आपण मार्क नेऊन ठेवले!

मग करायचं काय?

१. क्लास आठवड्यातून तीनदा असेल तर एकदा करा, घरी रोज ३० ते ४५ मिनिटं ठेवा.
२. या वर्षी नवी परीक्षा, स्पर्धा, गावोगावचे कार्यक्रम नकोत. फक्त सराव.
३. झोपेतून वेळ काढू नका, अभ्यासासाठीही नाही आणि छंदासाठीही नाही.
४. छंद शिक्षा म्हणून बंद करू नका. "मार्क कमी पडले, आता क्रिकेट बंद" हे वाक्य घरात नको.
५. मुलालाच छंद नको असेल तर तो सोडू द्या. जबरदस्तीचा छंद हा आणखी एक विषयच.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. डोकेदुखीसोबत उलट्या, घटणारं वजन, आठवड्यांमागून आठवडे उदासी किंवा जगणं नकोसं झाल्याची भाषा असेल, तर छंदावर सोडू नका, लगेच डॉक्टरांना भेटा.

आता माझं स्वतःचं. बारावीला माझा तबला बंद झाला. "ॲडमिशन झाली की परत सुरू कर," असं ठरलं होतं. ॲडमिशन झाली, मग एमबीबीएस, पीजी, दवाखाना. तबला अजून घरात आहे, शाई निघालेली. हात विसरत नाहीत म्हणतात. माझे विसरले.

म्हणून सांगतो, आज संध्याकाळी मुलाला हाक मारा आणि म्हणा, "जा, अर्धा तास वाजवून ये. मग गणित बघू."