बहिष्कार मालावर, वाळीत माणूस : अमेरिकी बंदूकबाजारातील मतांचा इतिहास

१/ मराठी मुलखाला दोन गोष्टींतला फरक फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परदेशी कापड विकत घेणार नाही असे म्हणणे हा बहिष्कार. गावकीने एखाद्या घराचा पाणवठा, रोटीबेटी, मयताचा खांदा तोडणे म्हणजे वाळीत टाकणे. पहिला मालावर असतो, दुसरे माणसावर. पहिल्याला १९०५ च्या स्वदेशी चळवळीने प्रतिष्ठा दिली; दुसऱ्याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाला २०१६ साली कायदा संमत करावा लागला. अमेरिकेतील नेमबाजीच्या जगात गेल्या पंचवीस वर्षांत हाच फरक पुसला गेला. ते कसे घडले, ते या धाग्यात पाहू.

२/ बंदूक बनवणाऱ्या वा विकणाऱ्या कंपनीने राजकीय मत मांडले की एक उपदेश हमखास ऐकू येतो : दुकानदाराने दुकान सांभाळावे, राजकारणात पडू नये. हा उपदेश तटस्थतेचा आव आणतो, पण तो तटस्थ नाही. ग्राहकाला रुचणाऱ्या मताला तो कधीच ऐकवला जात नाही.

३/ आधी पार्श्वभूमी. नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ साली स्थापन झाली ती नेमबाजी सुधारण्यासाठी. यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी सुमार ठरली, ही संस्थापकांची तक्रार होती. पुढे शंभर वर्षे स्पर्धा, प्रशिक्षण आणि शिकार हाच संस्थेचा मुख्य व्याप राहिला. १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात सभासदांनी जुने नेतृत्व उलथवले आणि शस्त्राधिकाराचे राजकारण केंद्रस्थानी आले. तेव्हापासून चकतीवर नेम धरणारा खेळाडूही, त्याची इच्छा असो वा नसो, एका राजकीय छावणीत मोजला जाऊ लागला.

४/ मार्च २०००. शहरांनी भरलेल्या दाव्यांच्या दडपणाखाली स्मिथ अँड वेसन कंपनीने क्लिंटन सरकारशी करार केला. बंदुकीला कुलूप, नव्या पिस्तुलांच्या मॅगझिनवर दहा गोळ्यांची मर्यादा, विक्रेत्यांसाठी आचारसंहिता अशी त्यातील कलमे होती. ग्राहक भडकले, विक्री कोसळली. कंपनीचे प्रमुख एड शुल्ट्झ त्याच वर्षी पायउतार झाले. टॉमकिन्स या ब्रिटिश मालकाने १९८७ साली सुमारे ११ कोटी डॉलरना घेतलेली ही कंपनी मे २००१ मध्ये दीड कोटी डॉलर रोख आणि कर्जाची जबाबदारी एवढ्यावर विकून टाकली.

५/ या ग्राहकांना आततायी म्हणणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. करारातील अटी केवळ स्मिथ अँड वेसनच्या मालापुरत्या नव्हत्या. तिचा माल ठेवणाऱ्या विक्रेत्याला इतर कंपन्यांच्या बंदुका विकतानाही त्या पाळाव्या लागणार होत्या. म्हणजे एका कंपनीच्या सहीने साऱ्या बाजाराचे नियम बदलणार होते. कृतीला उत्तर कृतीने मिळाले, मालाला नकार मिळाला. हा बहिष्कार होता आणि तो ग्राहकांच्या हक्कातला होता.

६/ पुढे मात्र गाडी घसरली. फेब्रुवारी २००७ मध्ये शिकारविषयक ज्येष्ठ लेखक जिम झुम्बो यांनी एआर धाटणीच्या रायफलींना शिकारीत स्थान नाही असे लिहिले आणि त्यांचा संबंध दहशतवाद्यांशी जोडला. शब्द कठोर होते, त्यांनी लगोलग माफीही मागितली. तरी काही दिवसांतच रेमिंग्टनने संबंध तोडले, 'आउटडोअर लाइफ' नियतकालिकातील स्थान गेले आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम थांबला.

७/ ऑक्टोबर २००८. माँटानातील कूपर फायरआर्म्सचे प्रमुख डॅन कूपर यांचा ओबामांना पाठिंबा असल्याचे वृत्तपत्रातून समजले. त्यांची रायफल बदलली नव्हती, किंमत बदलली नव्हती, विक्रीची एकही अट बदलली नव्हती. केवळ एका नागरिकाचे मत उघड झाले होते. ग्राहकांच्या संतापापुढे त्यांच्याच कंपनीने त्यांचा राजीनामा मागितला.

८/ २०१३ च्या अखेरीस 'गन्स अँड अॅमो' मासिकात डिक मेटकाफ यांनी लिहिले की घटनेतील प्रत्येक अधिकाराला काही ना काही नियमन असतेच, आणि शस्त्रपरवान्यासाठी इलिनॉयने घातलेली सोळा तासांच्या प्रशिक्षणाची अट म्हणजे अधिकारभंग नव्हे. लेखक बडतर्फ झाला, संपादकालाही पद सोडावे लागले. मेटकाफ यांनी एकेकाळी विद्यापीठात इतिहास शिकवला होता. वाळीत टाकण्याच्या इतिहासात आपल्या नावाची भर पडेल, असे त्यांना वाटले नसावे.

९/ या तिघांपैकी कोणीही बंदुकीचा शत्रू नव्हता. तिघांचेही आयुष्य बंदुकीभोवती गेले होते. वाळीत टाकण्याचे तर्कशास्त्र जगभर असेच चालते. परक्याला वाळीत टाकता येत नाही, घरच्याच माणसाला टाकता येते. शिक्षा एकाला होते आणि धडा बाकीचे सगळे घेतात.

१०/ तो धडा उद्योगाने किती चोख घेतला, हे रूगरच्या उदाहरणात दिसते. १९८९ साली संस्थापक विल्यम रूगर यांनी अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून मॅगझिनवर पंधरा गोळ्यांची मर्यादा सुचवली होती. त्याच कंपनीने २०११-१२ मध्ये विकलेल्या प्रत्येक बंदुकीमागे एक डॉलर या हिशेबाने रायफल असोसिएशनला बारा लाखांहून अधिक डॉलर दिले. पहिल्या मताने संस्थापकाच्या नावाला अनेक ग्राहकांचा कायमचा राग चिकटला. दुसरे मत हीच विक्रीची योजना होती.

११/ मत आणि माल एकजीव झाले की भीतीही विकली जाते. विक्रीपूर्व पार्श्वभूमी तपासण्यांची संख्या २००८ साली सुमारे १ कोटी २७ लाख होती; २०१६ साली ती २ कोटी ७५ लाखांवर गेली. प्रत्येक तपासणी म्हणजे विक्री नव्हे, पण कल स्पष्ट आहे. बंदीची धास्ती संपताच, २०१७ मध्ये, हा आकडा घसरला. आधीच कर्जात बुडालेल्या रेमिंग्टनने मार्च २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. राजकीय संताप हा ज्या धंद्याचा कच्चा माल आहे, त्या धंद्याला शांतता परवडत नाही.

१२/ भिंत दोन्ही बाजूंनी उभी राहिली. नोव्हेंबर २०१२ मध्ये अॅरिझोनातील एका बंदूकविक्रेत्याने जाहिरात देऊन ओबामांच्या मतदारांना दुकानाची दारे बंद केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये, पार्कलंडच्या शाळेत सतरा जणांचा बळी गेल्यावर, डिक्स स्पोर्टिंग गुड्सने एआर धाटणीच्या रायफली विकणे थांबवले आणि काँग्रेसकडे कायद्याची मागणी केली. काही शस्त्रउत्पादकांनी तिच्याशी व्यवहार तोडले आणि उद्योगसंघटनेने तिचे सभासदत्व काढून घेतले. डिक्सचा निर्णय पटो वा न पटो, तिने स्वतःच्या फळीवरचा माल काढला होता, आणि ग्राहकालाही तिचे दुकान टाळण्याचा हक्क होता. अॅरिझोनातला दुकानदार मात्र दारात उभा राहून ग्राहकाचे मत तपासू पाहत होता. या दोन कृतींना एकाच तागडीत तोलणे ही बौद्धिक लबाडी आहे.

१३/ मग विक्रेत्याने गप्प बसावे काय? उत्तर न्यू हॅम्पशायरमध्ये सापडते. २००९ साली तिथे आठवड्याभराच्या आत, परस्परांशी संबंध नसलेल्या तिघांनी एकाच दुकानातून बंदूक घेतली आणि काही तासांतच आत्महत्या केली. त्यातून विक्रेते, नेमबाजीशी संबंधित मंडळी आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र आले. संकटातील ग्राहक कसा ओळखावा आणि विक्री केव्हा नाकारावी, याचे मार्गदर्शन दुकानांत पोहोचले. पुढे इतर राज्यांनीही तो कित्ता गिरवला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणूनच गल्ल्यामागून आलेला तो एक शब्द मोलाचा ठरतो.

१४/ हा शब्द ग्राहक ऐकतो तो विक्रेता आपल्यातला आहे म्हणून. पण आपल्यातल्याने अप्रिय बोलताच त्याला परका ठरवण्याची रीत पडली, तर तो बोलणार कसा? सोळा तासांचे प्रशिक्षण पुरेसे आहे की जाचक, यावर वाद घालायला सर्वांत लायक माणसे नेमबाजीच्या मैदानावरच आहेत, आणि नेमकी तीच गप्प राहायला शिकली आहेत.

१५/ ग्राहकाने माल नाकारावा, करार नाकारावा, अटी नाकाराव्यात. तो त्याचा अधिकार आहे. मात्र एखाद्याचे मत कळताच त्याची रोजीरोटी तोडणे हा ग्राहकहक्क नव्हे, ती गावकी आहे. आणि ज्या मतासाठी कंपनीला एक छदामही मोजावा लागत नाही, उलट ज्यावर तिचा गल्ला भरतो, त्याला कोणी धैर्य म्हणू नये. ती जाहिरात आहे.