आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

आमच्या बचत गटाच्या बैठकीत पूर्वी पापड-शेवयांचे हिशेब व्हायचे. हल्ली तिथं एक नवा माल आलाय. चकचकीत डबी, आत साठ कॅप्सूल आणि वर सोनेरी अक्षरांत ‘अँटिऑक्सिडंट’. विकणारी आपल्यातलीच, कुणाची जाऊ तर कुणाची शेजारीण. ‘‘ताई, रक्तवाहिन्या आतून साफ होतात. हार्टची भीतीच नाही,’’ असं ती सांगते. डबी हजाराच्या वर, पण हप्त्यानं दिले तरी चालतात.

ज्याचा त्याचा पैसा, असं म्हणून मी गप्प बसलेही असते. पण गटातल्या एका काकूंनी ही डबी सुरू केली आणि बी.पी.ची गोळी बंद केली. ‘‘ती गोळी जन्माची मागे लागते, ही नैसर्गिक आहे,’’ असं त्यांचं म्हणणं. चार महिन्यांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचल्या, पण उजव्या हातानं अजून भाकरी थापता येत नाही. म्हणून आज हा विषय.

मी बी.ए. झालेली, विज्ञान दहावीलाच सुटलं. तरी थोडं वाचलं, डॉक्टरीणबाईंना विचारलं, तेव्हा कळलं की ही गोष्ट आपल्याला समजू नये इतकी अवघड मुळीच नाही.

आपल्या रक्तवाहिनीला आतून पेशींचा एक पातळ थर असतो, जेमतेम एका पेशीच्या जाडीचा. मातीच्या घरात जमिनीवर सारवण असतं ना, तसं समजा. डॉक्टर त्याला एन्डोथेलियम म्हणतात. कित्येक वर्षं हे नुसतं अस्तर आहे, असाच समज होता. १९८० साली अमेरिकेतल्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या रक्तवाहिनीवर प्रयोग करून दाखवलं, की अस्तर शाबूत असेल तर एका विशिष्ट रसायनानं वाहिनी सैल पडते, अस्तर खरवडलं गेलं तर पडत नाही. म्हणजे सैल पडण्याचा निरोप अस्तरच देत होतं! हा निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू. या संशोधनासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरीद मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत कळ आली की हृदयरोगी जिभेखाली जी गोळी ठेवतात, तीसुद्धा शरीरात हाच वायू तयार करून वाहिनी सैल करते.

आता ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं बघू. डब्यातलं खोबरं खवट होतं, विळीला गंज चढतो. ही ऑक्सिजनची करणी. शरीरातही ऑक्सिजनपासून असे आक्रमक कण सतत तयार होत असतात. थोडे असले तर शरीर त्यांचा उपयोग करून घेतं, जंतू मारायला, पेशींना निरोप द्यायला. त्यांना आवरणारी यंत्रणाही आपल्या आतच असते. पण वाढलेलं बी.पी., साखर, तंबाखू, धूर यांमुळे हे कण बेसुमार झाले, की ते त्या नायट्रिक ऑक्साइडचाच फडशा पाडतात. वाहिनी ताठर होते, अस्तराला इजा होते, तिथं चरबी साचायला लागते.

सारवण उखडलं तर आपण पुन्हा सारवतो. शरीरही तेच करतं. शेजारच्या पेशी वाढून मोकळी पडलेली जागा झाकतात. १९९७ मध्ये ताकायुकी आसाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की रक्तात फिरणाऱ्या काही पेशीही या कामाला येतात. पुढे कळलं, की त्यातल्या बऱ्याच पेशी स्वतः अस्तर बनत नाहीत, पण डागडुजीला हातभार लावतात. २००३ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ज्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, त्यांच्या रक्तात या पेशी कमी आढळल्या. अभ्यास होता ४५ जणांवर, आणि सगळेच्या सगळे पुरुष! असो. नियमित व्यायामानं या पेशी वाढतात, असं जर्मनीतल्या संशोधकांनी २००४ मध्ये नोंदवलं. म्हणजे डागडुजी करणारा गवंडी घरातच आहे. आपण त्याला काम करू द्यायचं की नाही, एवढाच प्रश्न.

मग कॅप्सूल घेतली तर बिघडलं कुठं? फळं-भाज्या खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं दिसत होतं. त्यातली व्हिटॅमिन्स गोळीत भरून दिली तर काम होईल, असं शास्त्रज्ञांनाही वाटलं होतं. पण त्यांनी ते तपासून पाहिलं. अमेरिकेत ४५ वर्षांवरच्या ३९,८७६ स्त्रियांपैकी निम्म्यांना दिवसाआड व्हिटॅमिन ईची गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. सुमारे दहा वर्षं हे चाललं. २००५ मध्ये निकाल आला. हार्ट अटॅक, अर्धांग यांसारख्या घटना दोन्हीकडे जवळपास सारख्याच, एकूण मृत्यूंतही फरक नाही. त्याआधी २००२ मध्ये ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांपैकी निम्म्यांना व्हिटॅमिन ई, सी आणि बीटा कॅरोटीन एकत्र देऊन झालं होतं. तिथंही फायदा शून्य. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या सरकारी समितीनं तर हृदयविकार टाळण्यासाठी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन घेऊच नका, असा स्पष्ट सल्ला दिला.

आपल्याकडे म्हणतात ना, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसंच हे. रोज सकाळी मिश्री लावायची, चुलीच्या धुरात दोन तास बसायचं, बी.पी. वर्षानुवर्षं मोजायचं नाही आणि वर एक कॅप्सूल गिळायची! मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ‘‘मी कुठं तंबाखू खाते, नुसती दाताला लावते,’’ म्हटलं तरी निकोटिन रक्तात जातंच. उज्ज्वला योजनेतून २०१६ पासून घरोघरी गॅस आला, पण सिलिंडर महाग म्हणून पाणी तापवायला आणि भाकरीला चूल कितीतरी घरांत अजून पेटते. डबीचे पैसे सिलिंडरला लावले तर अस्तराचं जास्त भलं होईल.

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या मात्र कुणी बंद करू नका, त्यांचा हेतू वेगळा. आवळा, पेरू, पालेभाजी पोटभर खा. आणि रक्त पातळ होण्याची औषधं चालू असणाऱ्यांनी व्हिटॅमिन ई मनानं घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

तरीही डबी विकणाऱ्या बाईला दोष देऊन मला मोकळं व्हायचं नाही. तीही चार पैशांसाठीच फिरते. ती दारात येते आणि विचारते, ‘‘ताई, तब्येत कशी आहे? दम लागतो का?’’ खरं सांगा, घरात हा प्रश्न तुम्हाला शेवटचा कुणी विचारला होता? नवऱ्याचं बी.पी., सासूबाईंची साखर, मुलांचा खोकला यांच्या तारखा आपल्याला तोंडपाठ. स्वतःचं बी.पी. किती, हे शंभरातल्या किती जणींना सांगता येईल? पाळी जाण्याच्या वयानंतर आपल्यालाही हृदयविकाराचा धोका वाढतो. बाईच्या हार्ट अटॅकमध्ये छातीतल्या कळेबरोबर, कधी कळ न येताही, दम लागणं, जबडा-पाठ दुखणं, मळमळ, भयंकर थकवा दिसतो. घरचे म्हणतात, ‘‘अ‍ॅसिडिटी असेल, पड जरा.’’ आपणही पडतो.

कॅप्सूल घेणारी बाई मूर्ख नसते. स्वतःकडे लक्ष द्यावं असं तिला वाटतंय, हे चांगलंच आहे. फक्त ते लक्ष चुकीच्या दारात विकत घ्यायला लागू नये. आरोग्य उपकेंद्रात तिशीनंतर बी.पी. आणि साखरेची तपासणी मोफत आहे. बी.पी.च्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. कधी साठा संपलेला असतो, हेही खरं. अशा वेळी एकटी बाई परत येते, पंधरा जणी गेल्या की उत्तर द्यावं लागतं.

आमच्या गटानं आता ठरवलंय. महिन्याच्या बैठकीला आशाताईंना बोलवायचं, आधी सगळ्यांचं बी.पी. मोजायचं, मग हिशेब. बचतीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे एक रकाना वाढवलाय. मिश्री सोडलेल्या तिघींची नावं त्याच वहीत लिहिली आहेत. आणि बैठकीनंतर बसस्टँडपर्यंत चालत जाऊन यायचं, अर्धा तास. तुमच्या गटाच्या वहीत असा एक रकाना आखायला पट्टी आणि पेन पुरे.